मादीच्या पायातला दोरा

शिरपूर, शनिवार, दिवेलागण

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहितो.

नाना, माझे काका, लावे पाळतात. प्रत्येक उबवणीतली थोराड पिलं वाणासाठी ठेवायची, बाकीची रश्शात. असं निवडत निवडत त्यांनी मूठभर पक्षी ओंजळभर केला. नजर गेली तेव्हापासून वाणाच्या पायात दोरा बांधतात आणि बोटांनी चाचपून ओळखतात.

काल मला अवदसा आठवली. सगळ्यात मोठ्या मादीचा दोरा सोडून एका मरतुकडीला बांधला. नाना हातात घेतील, शिव्या देतील, मग हसत परत बांधीन. एवढंच होतं. पण सकाळी मी लोळत पडलो आणि अक्कानं, म्हणजे काकूनं, बिनदोऱ्याचे सगळे लावे पाहुण्यांसाठी कापले. तिची काय चूक? घरचा नियमच तो. पाहुणे म्हणाले, काय मांस भरलंय! मी भरल्या ताटावरून उठलो.

आता पुन्हा तसली मादी कुठून आणू? किती वर्षांनी?

संध्याकाळी नानांनी दोरा चाचपला, मरतुकडीला तळहातावर तोललं. "काय रे भो, हाई इतली हलकी का बरं लागस? बिमार शे का?"

"असेल," म्हणालो.

तेव्हापासून भिजवलेली बाजरी दाणा दाणा भरवताहेत. "खाय वं माय, खाय." मधेच माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तू बी जेवना नही म्हने. तुले बी तिनीच काळजी ना?"

मी हो म्हणालो.