तुरटीचा खडा

पावस, १० ऑगस्ट २००३

प्रिय अनिश,

अनेक आशीर्वाद. आधी बातमी वाच, मग हसायचं तेवढं हस. तुझ्या आईने तुझ्यासारखेच ते रंगीत जपानी कोई मासे पाळलेत! शिमग्याला आलास तेव्हा परसातल्या तुझ्या टाकीकडे मान वळवूनही पाहिलं नाहीस. मला फार लागलं रे ते. तू गेलास आणि आठवड्यात मी सहा पिल्लं आणली. तुझे आप्पा म्हणाले, म्हातारपणी हे काय खूळ! आता तेच रोज चहाचा कप घेऊन टाकीच्या कठड्यावर बसतात. सहाच्या सहा टुणटुणीत आहेत.

सगळी करामत पाण्याची. नळाचं पाणी मी दोन दिवस पिंपात ठेवते, औषधाचा वास गेला की मगच टाकीत. पूर्वी मी शेवाळ काथ्याने घासून काढायची, आता हात लावत नाही. शिरगावच्या फिशरीज कॉलेजातल्या बाईंनी कागदाच्या पट्ट्या दिल्यात, त्या बुडवायच्या, रंगावरून पाणी किती आंबट ते कळतं. आपलं जांभ्यातलं पाणी मुळात नाजूक, पावसात चटकन आंबट होतं आणि माशांना श्वास घेता येत नाही. म्हणून खाडीवर जाणाऱ्या जनीकडून कालवांच्या शिंपल्या आणल्या नि पिशवीत भरून टाकीत सोडल्या. त्याने आंबटपणा मरतो. आहे की नाही तुझी आई हुशार? पाणी सध्या तांबडं गढूळ आहे, पण मासे मजेत आहेत.

आता खरं ते लिहिते. दोन वर्षांमागे तू मासे विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आणायला रत्नागिरीला गेलास, तेव्हाही पाणी असंच तांबडं होतं. त्याला मासे दिसणार कसे, म्हणून पिण्याच्या पाण्यात फिरवतो तसा मी टाकीत तुरटीचा खडा फिरवला, पार विरघळेपर्यंत. पाणी नितळ झालं, आणि सकाळी तुझे चाळीस मासे उलटे तरंगत होते. ‘माझ्याच हाताला यश नाही,’ असा स्वतःला दोष दिलास आणि मुंबईची नोकरी धरलीस. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, तरी मी गप्प बसले. शिमग्यानंतर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा पाण्यात तुरटीने आंबटपणा आणखी वाढतो. तेव्हाच लिहायला हवं होतं, पण म्हटलं, आधी एक पावसाळा मासे जगवून दाखवते, मग तोंड उघडते. तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा. गणपतीला येशील तेव्हा मला हवं तेवढं बोल, पण आधी परसात जा. पट्ट्या खिडकीत ठेवल्यात.

तुझीच,
आई