बाण लागल्यानंतरचा अर्धा तास

रविवार, ८ जानेवारी १९५६. दादर.

सांबर गेले. जखमी होऊन गेले! इतक्या वर्षांच्या शिकारीत माझ्या सोबत्यांकडून असे कधी घडले नव्हते. घडले ते माझ्याच मुलीच्या हातून.

शहापूरच्या पुढचे जंगल, वनखात्याचा परवाना एका नर सांबराचा. शैलाला ते धनुष्याने मारायचे होते. वर्षभर ती गच्चीवर कापसाच्या गासडीवर बाण मारते आहे. पंचवीस पावलांवरून पोस्टकार्ड चुकत नाही, हे मान्य. पण गासडी कान टवकारत नाही, श्वास घेत नाही — हे मी तिला अनेकदा बजावले होते. ठरले असे की पहिला बाण तिचा. मी मागच्या झाडाशी रायफल घेऊन.

उजाडताना नर पाणवठ्यावर आला. शिंगे उत्तम. तिने दोर ओढला आणि थांबली. फार थांबली! मग बाण सुटला. जनावराने पाठ कमानीसारखी उचलली आणि ते करवंदीच्या जाळीत घुसले. पाठ अशी वाकली म्हणजे बाण पोटात. पोटात लागलेले जनावर दोन-दोन दिवस तडफडते. वाटाड्या भिवाही म्हणाला, "पोटातच बसला, सायब."

मी उठलो. शैलाने माझी बाही धरली.

"नाना, बसू या. बाणाची जखम गोळीसारखी नसते. अर्धा तास हलायचं नाही. मागे कोणी नाही असं वाटलं की ते जवळच बसतं."

"जखमी जनावर सोडून आपण बसून राहायचे? ही कुठली रीत?"

"धनुष्याची."

मी ऐकले नाही. ऐकण्याजोगे त्यात काही नव्हते. जखमीचा माग तत्काळ घ्यावा, हा शिकाऱ्याचा पहिला धर्म. थोड्याच अंतरावर, ओढ्याकाठच्या गवतात ते बसलेले होते. आमची चाहूल लागताच उठले. मी गोळी झाडली. मध्ये फांदी आली. त्यानंतर दुपारपर्यंत रक्ताचा थेंब दिसला नाही.

परतताना मोटारीत ती एक अक्षर बोलली नाही. नेम चुकला तर माणसाने तो कबूल करावा. गप्प बसणे म्हणजे कबुली नव्हे.

सोमवार, ९ जानेवारी.

परळला रुग्णालयात दोन शस्त्रक्रिया केल्या. दोन्ही निर्दोष. मन मात्र त्या ओढ्याकाठी. अजून जिवंत असेल काय?

बुधवार, ११ जानेवारी.

जेवायला चार मंडळी. सांबराचे मटण कबूल केले होते. पानात वाढले वालाचे बिरडे. शामराव, माझा मेहुणा, वकील आणि घरीदारी सारखाच बोलका, ओरडला, "भावोजी, ह्या सांबराला मोड कसे हो आले?" हशा!

मग घडले ते मी सांगितले. जसे घडले तसेच: बाण पोटात लागला, हात कच्चा, आत्मविश्वास मात्र पक्का. शैला वाढत होती. तिने हातातले भांडे खाली ठेवले आणि सर्वांदेखत म्हणाली, "नाना, बाण आणून दाखवा. मग पोटात म्हणा." आत निघून गेली.

"अहो, पाहुण्यांसमोर कशाला?" असे शैलाची आई, अंबिका, मागाहून म्हणाली. पाहुण्यांसमोर सत्य बदलते काय?

रविवार, १५ जानेवारी.

शामरावला घेऊन पुन्हा गेलो. दोन टेकड्या ओलांडल्यावर गिधाडे दिसली. सांगाडा तेवढा उरला होता.

बाण आतच होता. दांडी मोडलेली. खांद्याच्या मागे, दोन फासळ्यांच्या मधोमध शिरलेला; पाते आतून मणक्याच्या कडेला रुतलेले. पोटाचा संबंध नाही. फुप्फुस. इतका नेमका छेद मला टेबलावर, दिव्याखाली घ्यावा लागतो.

म्हणजे ओढ्याकाठी ते मरायलाच बसले होते. अर्धा तासही लागला नसता. ते उठले, दोन टेकड्या धावले — जखमेने नव्हे. माझ्यामुळे.

शामराव एरवी स्मशानातही भाषण करील. आज त्याने बाण पुसून माझ्या हातात दिला. म्हणाला एवढेच, "भावोजी, पोरीला आजच सांगा."

घरी आलो तो शैला मैत्रिणीकडे, कांताकडे, नायगावला. बाण माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. उद्या सांगेन. अशा गोष्टीला नेमके शब्द हवेत.

सोमवार, १६ जानेवारी.

रेडिओवर जाहीर झाले: मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात. रस्त्यावर एकच कल्लोळ. शैला चपला घालत होती.

"कुठे?"

"लालबागला, मोर्चाला. कांता, आम्ही सगळ्याच."

"माझी मुलगी हुल्लडबाजीत जाणार नाही."

"ही हुल्लडबाजी नाही, नाना."

"एक बाण धड मारता येत नाही, त्या तुम्ही राज्य मिळवणार!"

बाण खणात होता. माझ्या हाताच्या अंतरावर. आणि मी हे बोललो.

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. माझ्याकडे पाहिले. गेली.

मंगळवार, १७ जानेवारी.

आली नाही. संचारबंदी. गोळीबार. रुग्णालयाच्या व्हरांड्यातही खाटा. प्रत्येक चादर मी स्वतः उचलून पाहतो. परिचारिका आपसांत म्हणतात, डॉक्टरसाहेब किती दक्ष!

बुधवार, १८ जानेवारी.

पोलिसांचा निरोप: परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा. रायफल गेली. खुंटीवर तिचे धनुष्य तेवढे आहे. अंबिका ते पुसत बसते.

दुपारी शामराव आला. "भावोजी, आधी बसा. सापडली. नायगावला, बीडीडी चाळीत, कांताच्या आईकडे. उजव्या दंडात गोळी आहे. दवाखान्यात यायचं नाही म्हणते, नावं पोलिसांकडे जातात. आणि…"

"आणि काय?"

"नानांना सांगू नका म्हणते."

उजवा दंड. दोर ओढणारा. गोळी आत राहिली आणि जखम सडली तर हात काढावा लागेल. विष रक्तात चढले तर — हे वाक्य मी विद्यार्थ्यांपुढे शेकडो वेळा पुरे केले आहे. आज होत नाही.

डॉक्टर म्हणून संचारबंदीचा पास आहे. तडक मोटार काढली. चाळीचा जिना धावत चढलो. दारात कांताची आई, रमाबाई; गिरणीत कामाला असते.

"डाक्टरसायब, खाली तुमची गाडी वाजली अन् पोरगी उठली. पलीकडच्या जिन्यानं गेली वो! अंगात ताप असा, का हात ठेववंना."

आत चटईशेजारी सुटलेली पट्टी पडली होती. उचलून वास घेतला. जखम सडू लागली आहे. चटईवर हात ठेवला. अजून ऊब होती.

ओढ्याकाठचे दबलेले गवत असेच उबदार होते.

गुरुवार, १९ जानेवारी.

शामराव म्हणाला, "दहा पोरं घेतो, चाळीन् चाळ पालथी घालतो. उचलून आणू!" मी नको म्हटले.

आज मोटार नेली नाही. चालत गेलो. पिशवीत शस्त्रक्रियेची हत्यारे, औषधे आणि तो बाण. रमाबाईंना म्हटले, "शैलाला निरोप पोचत असेल तर एवढाच सांगा. नाना बाहेर बसले आहेत. मागे कोणी नाही."

"सांगत्ये. पन पायरीवर नका बसू, सायब. थांबा, पाट देत्ये."

"पायरी चालेल."

जिन्याच्या पायरीवर बसलो. येणारे-जाणारे मला ओलांडून जात होते.

"कोन रं ह्यो? सीआयडी?"

"गप, शैलीचा बाप हाय त्यो."

रमाबाईंनी चहा आणून दिला. घेतला. खाली शिट्ट्या झाल्या, माणसे पळाली, कुठेतरी काचा फुटल्या. ती ह्या गर्दीत असेल तर? उठलो नाही. ह्या जखमेत एकेका तासाची किंमत काय, हे ह्या साऱ्या चाळीत मला एकट्यालाच ठाऊक आहे. तरी उठलो नाही. जवळ कुठे बसली असेल तर माझ्या पावलांनी पुन्हा उठेल.

दिवेलागण झाली. आली नाही.

माझा अंदाज चुकला असेल तर? थांबणेच चुकीचे असेल तर? पोटाच्या जखमेबद्दलही मला अशीच खात्री होती!

शुक्रवार, २० जानेवारी.

गोळी काढली. रमाबाईंच्या खोलीत, स्टोव्हवर उकळलेल्या पाण्यात हत्यारे धुऊन. दिवा कांताने धरला. हात राहील. धनुष्य ओढेल की नाही, आज सांगता येत नाही.

दुपारी पायरीवरच होतो. पलीकडच्या जिन्यावर पाऊल वाजले आणि थांबले. मी मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"नाना, हात दाखवते. आधी बाण दाखवा."

पिशवीत वरच हत्यारे होती. ती बाजूला सारून मी बाण काढला.