चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी करायचा फोन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणारा, बुद्धी शाबूत व हृदय बेभरवशाचे असताना हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असावे लागते.

१. बँकेतली शिल्लक आणि गावाकडच्या घरातला माझा हिस्सा धाकट्या बहिणीला द्यावा. भाच्याने मध्ये लुडबुड करू नये.

२. हातोडी, वाकड्या सुया आणि शिलाई मशीन दुकानातल्या भागीदाराला. कात्री मात्र नाही. एकदा त्याने त्या कात्रीने पत्रा कापला होता.

३. माझ्या मृत्यूची बातमी बहिणीला परक्या भाषेतल्या सरकारी कागदातून कळू नये. तिला कोणीतरी मराठीत फोन करावा. या इमारतीत ते एकालाच जमेल, चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना. म्हणून अंमलबजावणी त्यांच्याकडे सोपवतो.

इथे खुलासा करणे भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी नवा राहायला आलो, तेव्हा डॉक्टर लिफ्टमध्ये बायकोला फोनवर म्हणाले, "खाली आपल्याकडचा कोणीतरी आलाय. लांबच राहू या, नाहीतर उठसूट चहाला येऊन बसेल." तो कोणीतरी मफलरमध्ये निम्मे तोंड झाकून त्यांच्या शेजारीच उभा होता. उतरताना मी इथल्या भाषेत त्यांचा निरोप घेतला. पुढे पत्रपेटीवरचे आडनाव वाचून, लिफ्टमधला तो मीच, हा उलगडा त्यांना झालाच असणार, पण तेही इथल्याच भाषेत बोलत राहिले. आधी कोणी बोलायचे, यावर गाडे अडले ते अडलेच.

त्यांची पत्नी वारली तेव्हा मी वर गेलो आणि इथल्या भाषेत, पुस्तकी वाक्यात, दुःख व्यक्त केले. त्यांनी आभार मानले. मी दारातूनच परत खाली आलो. हल्ली मला कशाचेच फारसे काही वाटत नाही. त्या दिवसाची लाज तेवढी वाटते.

४. फोनवर घाई करू नये, बहिणीला कमी ऐकू येते. ती जेवली का, हे आधी विचारावे. मी कसाही गेलो असलो तरी "झोपेत गेला" असेच सांगावे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: बारा मार्च.
सही: मृत्युपत्र लिहून ठेवणारा.

साक्षीदार पहिल्या: इमारतीची देखभाल करणाऱ्या बाई. मजकूर कळला नाही, सही समोर झाली हे मान्य.
साक्षीदार दुसरे: चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर. मजकूर दोनदा वाचला.

दुरुस्तीची नोंद: दिनांक अकरा खोडून बारा केला आहे. बाई गेल्या, डॉक्टर उठले नाहीत. म्हणाले, "आज बारा तारीख आहे. फोन मी करीन." मराठीत म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चहा टाकता का?"

दुरुस्ती दोघांना मान्य.