हरलेल्या हिरोचा डबा

बुधवार, संध्याकाळ. लालबाग.

आज मी लिहिलेलं सुपरहिरोचं कार्टून लागलं. चाळीतली पोरं आमच्याकडे जमली होती. आप्पाही बसले बघायला.

संप फसला, गिरणी गेली, तरी आप्पा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. बाप म्हणून आम्हा पोरांसमोर घरी बसायची लाज वाटायची त्यांना. मी आधी लिहिलं त्यात माझा हिरोही हरल्यावर तसाच डबा घेऊन निघायचा. चॅनेलवाले म्हणाले, "स्लो होतंय, फाइट टाक." टाकली. भांडलोसुद्धा नाही. का?

हिरो आपटला तेव्हा आप्पांनी विचारलं, "हरल्यावर मगे काय करता तो?"

"पुढच्या भागात जिंकतो," माझी मुलगी म्हणाली.

"आणि तो नाय जिंकलो तर?"

"मग कार्टून बंद."

खरं उत्तर मी लिहिलं होतं, डब्यासकट. मीच कापलं.