आठवड्याचं जेवण पाठीवर

जैसलमेरच्या पुढं, वाळूत
२१ जानेवारी २०२६, दुपार

दादा,

मी धड आहे, हे आधी लिहिते, म्हणजे वहिनी पुढचं निवांत ऐकेल. इथं मोबाईलला रेंज नाही. पाण्याची गाडी संध्याकाळी गावाकडं जाते, तिच्या ड्रायव्हरकडं हे पत्र देणार आहे. शर्यतीचे चार टप्पे पळून झाले. उद्याचा सगळ्यात लांबचा, दिवस मावळला तरी संपत नाही असा. त्याला मी उभी राहणार की नाही, हे दुपारपर्यंत ठरत नव्हतं. त्याचं पुढं सांगते.

आधी इथलं ऐक. वाळू पहाटे थंडगार आणि टणक असते, ऊन चढलं की तीच पायाखालून सटकते. प्रवरेच्या पात्रात पाठीवर ज्वारी बांधून पळायचे, तेव्हा तू म्हणायचास, "डोकं फिरलंय हिचं." ती ज्वारी कामी आली. लोक विचारतात, एवढी हिंमत कुठून आणता? हिंमत कसली, मी भोचक. दम संपला की स्वतःलाच विचारते, आता पुढं काय होतं गं? ही पोटरी दुखायची थांबते, की दुसरी सुरू होते? तेवढं बघायला आणखी थोडं जाते. मन तर काय काय उकरून काढतं. काल कितीतरी वेळ मला कुणाच्या तरी ब्लाउजची बाही चुकल्याची काळजी लागली होती. ते गिऱ्हाईक गाव सोडून केव्हाच गेलंय.

या शर्यतीत आपल्याला पाणी आणि तंबू मिळतो, एवढंच. आठवड्याचं खाणं, अंथरूण, सगळं आपल्याच पाठीवर. पिशवी मी दुकानातच शिवली. वजन नको म्हणून टूथब्रशची दांडी कापली, त्यावर वहिनी किती हसली होती. बाहेरच्या माणसाकडून काही खायला घेतलं की शर्यतीतून बाद. धावणाऱ्यांनी आपसात घेतलं-दिलं तर चालतं.

इथंच माझी फजिती झाली. पहिल्या संध्याकाळी तंबूत आम्ही पाचजणी. मी शेंगदाण्याचे लाडू बाहेर काढले. समोर चौघी बसल्यात आणि आपण एकटं खायचं, हे आपल्याला जमतं का? मी सगळ्यांपुढं धरले. दुसऱ्या दिवशी सातूचं पीठ, मग खोबरं. नको म्हणाल्या की मी आग्रह केला. आग्रह, दादा, वाळवंटात. त्या सगळं तोलूनमापून आणलेल्या, त्यामुळं उलट काही आलं नाही. आणि मी आपली वाट बघत राहिले.

आज पळून आले तेव्हा पिशवीत चहापूड आणि मिठाची पुडी उरली होती. डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या गौहरनं विचारलं, "काही खाल्लंस का?" ती भोपाळची, शाळेत शिकवते. "हो, पोट भरलंय," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मग बाहेर सावलीला जाऊन बसले. उपाशीपोटी निघाले तर वाटेत पडणार, हे कळत होतं. तरी मागायला जीभ उचलेना. ऊन, काटे, फोड, कशानं अडले नाही आणि एवढ्याशा बोलण्यानं अडले. माझा मलाच अचंबा वाटला. देताना हात झटकन पुढं जातो, मग मागताना त्याला काय होतं?

तिथं बसल्यावर तुझी बाजरी आठवली. करण गेला, त्या वर्षी तू टेम्पोतून पोती आणलीस आणि मी ती दारातून परत पाठवली. "मला काही कमी न्हाई," म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच. मग तू यायचा थांबलास, नुसता फोन करायचास. कमी होतं, दादा. लई कमी होतं. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. पण नवरा गेलेली बिचारी बहीण व्हायचं नव्हतं मला. तेव्हाच पळायला लागले. गाव म्हणालं, हिला छंद लागला.

शेवटी आत जाऊन गौहरला सांगितलं, माझं खाणं संपलंय. ती चिडलीच. म्हणाली, रोज तूच देत होतीस, आम्ही समजलो तुझ्याकडं भरपूर आहे. मग तिनं खिचडीचं पाकीट काढलं, बाकीच्यांनी खजूर, चिवडा, आपापल्यातलं थोडं थोडं. मी खाताना रडले. उद्या निघायचं ठरलं.

तुझंही तसंच झालं का रे? हिच्याकडं सगळं आहे, असं तूही समजलास का?

शर्यतीनंतर थोडे दिवस मी गौहरकडं राहणार आहे. पाच फेब्रुवारीला सकाळी मनमाडला उतरेन. तिथून बेलापूरला एसटीनं येता येतं, मला माहीत आहे. तरी तू ये. पायाची नखं गेलीत, बॅग उचलवणार नाही, असं लिहिणार होते. पण पाय धड असते तरी ये म्हणाले असते. गाडीतून उतरल्यावर मला तू समोर उभा दिसायला हवा आहेस.

तुझ्याकडं पहिल्यांदाच काही मागणारी,
पंकजा