डब्यावरची मुलगी

१९ फेब्रुवारी, दुपार

चि. शहाणोबांस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे. आज ती पाळत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दुकानावर हातोहात पाठवतेय. प्रतिकारशक्तीवर प्रवचन झोडायला तिथं तर रोज जात असशील. लेक रुग्णालयात आहे, हे गिऱ्हाइकांना सांगितलं नसशीलच.

आमच्या प्रयोगशाळेला आजारी मुलांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी मुलांचं रक्त हवं होतं, तेव्हा छाती फुगवून तिला घेऊन आलास. "घे ताई, हिला शिंकसुद्धा येत नाही!" तपासलं, तर तिच्या पांढऱ्या पेशी आधीच चवताळलेल्या. मी विचारलं, "ताप येऊन गेला का हिला?" तू म्हणालास, "तुला सगळीकडे जंतूच दिसतात."

महिन्याभरापूर्वी ताप येऊन गेला होता, हे तुझी बायको बोलली ती पोरीचे डोळे लाल झाल्यावर, अंगभर पुरळ उठल्यावर. तोवर डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे. पण तू विकतोस त्या प्रतिकारशक्तीच्या पावडरीच्या डब्यावर लेकीचा फोटो, खाली 'ही कधीच आजारी पडत नाही'. ते कसं खोटं पडू देणार?

आता जमलं तर समजून घे. त्या तापाचा विषाणू केव्हाच गेला. त्याला हाकलायला उठलेल्या पेशी मात्र शांत व्हायचं नाव घेत नाहीत. पाहुणे गेल्यावर तू घरच्यांवर तोंडसुख घेतोस ना, तशा. त्या तिच्या हृदयावर चालून गेल्यात. वाढवायची होती ना प्रतिकारशक्ती? घे, वाढली! डॉक्टरांनी ती आवरायचं औषध सांगितलं, तर "माझ्या मुलीची शक्ती दाबणार?" म्हणत तणतणत निघून गेलास. संमतीपत्रावर सही तुझ्या बायकोनं केली.

ताप उतरलाय. हृदयाची एक रक्तवाहिनी अजून फुगलेली आहे. तो फुगवटा ओसरेल, असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मीही नाही.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. तुला शिव्या घालणं सोपं पडतं.

आज सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. सुई लावलेला हात चादरीखाली लपवला आणि म्हणाली, "आत्या, बाबांना सांग ना, मी मुद्दाम नाही आजारी पडले. डब्यावर दुसऱ्या कुणाचा फोटो लावला तरी चालेल. पण त्यांना यायला सांग."

जन्मभर तुझी सालं काढत आलेली मी, तुझ्यासाठी खोटं बोलले. म्हटलं, "अगं, बाबांना सर्दी झालीय. म्हणून आले नाहीत."

तिचा चेहरा असा फुलला! "म्हणजे बाबापण आजारी पडतात?"

तेव्हापासून सारखी दाराकडे बघतेय. माझ्यानं ते बघवत नाही रे.

ये. डबा आणू नकोस. नाक पुसत ये, गाढवा.

तुझ्यामुळे तिच्यापुढे खोटी पडायला तयार नसलेली,
ताई