काजळी पुसायची राहिली

सुव्हा, २ जून १९९१

प्रिय वाइसाके यास,

स. न. वि. वि. तुझ्यासारख्या आगाऊ मेव्हण्याला नमस्कार लिहिताना हात आखडतो, पण रीत आहे म्हणून लिहितो.

तू पाठवलेले सुके मासे पोचले. पोरीनं, उनाइसीनं, ते नारळाच्या दुधात केले. मी दोन घास खाल्ले आणि तासभर खोकलो. सोन्याच्या खाणीतली धूळ छातीत ठाण मांडून बसलीय, भाडं न देता. डॉक्टरांनी काय सांगायचं ते पोरीला सांगितलं. ती आता माझ्याकडे बघून उगीचच हसते, त्यावरून समजायचं ते मी समजलो.

मलायाच्या जंगलात मेलो नाही. खाणीत नाही, लौतोकाच्या धक्क्यावर पोती वाहताना नाही, उसाची लॉरी उलटली तेव्हाही नाही. लेबनॉनला शांतिफौजेच्या भटारखान्यात गोळे पडत होते, तरी माझा रस्सा करपला नाही. आणि आता बिस्किटांच्या कारखान्याची राखणदारी सोडल्यावर एका खाटेवर मरायचं! हसू येतं रे.

एक विचारू? आपली पोरं मलायाहून गावी परतली, तेव्हा काजळी पुसण्याचा दिवस केला होता. तो तुला आठवतो का? कोणकोण होतं? सहज विचारतोय.

कळावे. लोभ कमी झाला तरी चालेल, मासे कमी करू नयेत.

तुझा दाजी,
इसिरेली

कंदावू, ११ जून

ती. दाजी यांस,

सा. न. वि. वि. आठवतो का म्हणून काय विचारता! वाडवडील लढाईला जाताना तोंडाला काजळी फासायचे. तुम्ही लोक बंदुका घेऊन गेलात, कोणी काही फासलं नव्हतं. तरी गावच्या सरदारांनी एकेकाला पुकारलं, झाडाच्या सालीच्या कापडानं तोंड पुसलं, मानाचा व्हेलचा दात हातात दिला आणि सांगितलं की लढाई संपली, घरी या. आख्खी बायामंडळी रडत होती. आणि तुम्ही हो? डुकराची आख्खी मांडी एकट्यानं फस्त केलीत, माझ्या वाट्याला नुसता कंद!

तुमची घराची जागा अजून तशीच आहे. इतक्या वर्षांत लग्नाला आलात, मातीला आलात, आणि दर वेळी त्याच बोटीनं पळालात, जसा काय फौजदार मागे लागलाय. आता पुरे झालं. शहर सोडा, इकडे बेटावर या.

कळावे. राग नसावा, असल्यास घेऊन या.

आपला,
वाइसाके

सुव्हा, २० जून

वाइसाके,

वि. वि. त्या दिवशी मी इथल्या टेकडीवरच्या इस्पितळात छातीला पट्टा बांधून पडलो होतो. मांडी ज्यानं खाल्ली त्याला विचार.

जाऊ दे. मला गावी नेऊ नका. इथंच कुठंतरी पुरा, असं पोरीला सांगितलंय. पुन्हा हा विषय नको.

इसिरेली

सुव्हा, २४ जून

ती. वाइसाकेमामा यांस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र बाबांना न सांगता, शिवणाच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. अक्षर वाईट आलंय, माफ करा.

बाबा दिवसभर ओल्या फडक्यानं तोंड घासत बसतात. गालांची साल निघालीय. फडकं लपवलं तर सदऱ्यानं घासतात. निघत नाही, निघत नाही, एवढंच म्हणतात. मी लहानपणापासून त्यांना नळाशी तोंड धुतानाच पाहिलंय. खाणीतल्या माणसाची सवय असेल असं आईला वाटायचं, मलाही.

काल मी रडले, ओरडले, तेव्हा कुठे बोलले. म्हणाले की बाकीच्यांची काजळी गावानं पुसली, माझी राहिली. माझी लढाई संपली असं मला कोणी सांगितलंच नाही. मग हे असलं तोंड घेऊन गावी तुझ्या आजीच्या शेजारी मातीत कसा जाऊ? मी म्हटलं की मग मागायचं होतं. त्यावर माझ्याकडे असे बघत राहिले की मला लाज वाटली. आपलं स्वागत आपण मागायचं नसतं, हे मलाही कळतं हो. ते नाहीच मागणार. मी मागतेय. मी त्यांची पोर आहे, मला कसला मान! मामा, काहीही करा, पण त्यांना असं जाऊ देऊ नका. माझ्याच्यानं बघवत नाही.

कळावे. तुमच्याशिवाय कोणाला लिहू?

आपली,
उनाइसी

कंदावू, ३ जुलै

चि. उनाइसी हिस,

अ. उ. आ. तुझं पत्र मी अंगणात दोनदा वाचलं. दाजींना मांडीवरून चिडवलं मी! जीभ झडो माझी.

गाव गोळा केला. म्हाताऱ्या सेराला सगळं आठवत होतं. त्या दिवशी दाजींचं नाव पुकारलं, तेव्हा तुझ्या आजोबांनी उठून ओ दिली. घरातला एक आला म्हणजे घर आलं, ही आपली रीत. त्यांचंच तोंड पुसलं आणि इसिरेलीचं झालं असं सगळे धरून चालले. एकदा झालेलं पुन्हा करता येत नाही, असं चर्चचे कारभारी म्हणाले. तेव्हा सेरा काठी आपटून म्हणाली की जंगलात कोण गेलं होतं, बाप की लेक? मग कारभारीही कबूल झाले.

आम्हीच सुव्हाला येतो. सरदार, मी आणि चौघे. दात घेतलाय, सालीचं कापड माझ्या बायकोनं नवं कुटलंय. शनिवारची बोट. दाजींना सांग, आणि मग त्यांना घेऊनच परत येऊ.

कळावे. धीर धर, बाळ.

तुझा मामा,
वाइसाके

सुव्हा, १० जुलै

ती. मामा यांस,

शि. सा. न. वि. वि. शनिवारी बोट आली नाही. रेडिओवर सांगतात की समुद्र खवळलाय, तुमच्याकडून एकही बोट सुटत नाही.

तुम्ही येताय म्हटल्यावर बाबा पहिल्यांदा हसले. मग पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडून नारळाच्या तेलात कालवून मागितली. मी म्हटलं, वेड लागलंय का. तर म्हणाले की वाइसाके एवढा समुद्र ओलांडून येतोय, त्याला पुसायला काहीतरी नको? आपल्या हातानं कपाळापासून हनुवटीपर्यंत फासलं. तेव्हापासून घासणं बंद झालंय. दाराकडे तोंड करून टेकून बसलेत. श्वास घेताना खांदे वर उचलतात. जेवण सोडलंय. शेजारी सांगून गेले की बापाचं तोंड धू, पोरं भितात. मी धुणार नाही.

हे पत्र बोटीच्या कचेरीत ठेवतेय. पहिली सुटेल तिच्यातून येईल. मामा, लवकर या हो.

उनाइसी

कंदावू, २ ऑगस्ट

चि. उनाइसी हिस,

अ. उ. आ. तू नोकरीवर परत गेलीस, बरं केलंस. तुझ्या बापाच्या थडग्यावर मी रोज जातो. आजीच्या शेजारची जागा चांगली उंचावर आहे, पाणी साचत नाही.

आम्ही एक दिवस उशिरा पोचलो, हे मला जन्मभर पुरेल. चर्चच्या बायका घमेली आणि साबण घेऊन उभ्या, आणि तू दारात दोन्ही हात पसरून, मामा येईपर्यंत या तोंडाला कोणी हात लावायचा नाही म्हणून भांडत होतीस. सगळ्या गावाला सांगत सुटलोय मी. मी पुसलं, आणि म्हटलं की लढाई संपली, घरी चला. दाजींसमोर रडायचं म्हणजे जन्माची थट्टा ओढवून घेणं. पण थट्टा करणाराच उरला नव्हता, म्हणून रडून घेतलं.

मग गावच्या किनाऱ्यावर सरदारांनी दाजींचं नाव पुकारलं, तेव्हा कोणीच ओ दिली नाही आणि तू माझ्याकडे बघितलंस. पुन्हा दुसऱ्यानं ओ द्यायची नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं, बाळ.

आपण ज्या बोटीनं दाजींना आणलं, तिच्याच टपालाच्या पिशवीत तुझं पत्र होतं. मला ते दफनानंतर मिळालं. शेवटी लिहिलंयस, मामा, लवकर या हो. मी रोज वाचतो, आणि वाचलं की उठून निघायला म्हणून सुलूची लुंगी नेसायला लागतो.

कळावे. तुझा लोभ या म्हाताऱ्यावर राहू दे.

तुझा मामा,
वाइसाके